शेंदराची रेघ

देवी सांभाळते, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. सांभाळणारी ती, तर मग बांबू माझ्या हातात कशाला दिला? आष्टीकडच्या आमच्या गावाखाली वर्धा नदीवर मी डोंगा चालवायचो. आपला जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि पूल कुणाच्या स्वप्नातही नव्हता. डोंग्याला बाहेरून शेंदराची रेघ ओढलेली असायची. पाणी रेघेला टेकलं की आणखी माणूस घ्यायचं नाही, ही वडिलांची शिकवण.

कार्तिकात पलीकडच्या देवीची जत्रा भरली. माझी लेक तळेगावला दिलेली. दोनदा तिची कूस रिकामी झाली होती. आता सातवा महिना होता आणि तिला देवीपुढे ओटी भरून घ्यायची होती. माझा जीव नुसता टांगणीला. "बाबा, मले मधात बसवा. अन् चेहरा असा नका करू, लोक भेतील!" ती हसून म्हणाली. कार्टी लहानपणापासून अशीच!

जत्रेची माणसं डोंग्यात चढताना शेंदराला हात लावून पाया पडत. दुपारपर्यंत रेघेचा नुसता पट्टा झाला होता, चांगला वीतभर रुंद. पाणी कुठं टेकलं ते मला कळेना. अंदाजाने डोंगा भरला आणि सोडणार, तोच शेवटी बसलेली एक अनोळखी म्हातारी उठली.

"थांब रे बापू, मले उतरू दे."

"काऊन वं बुढे, आता काय झालं?" मी खेकसलो.

"मी नाई येत. तू जाय."

ती उतरली. मी चरफडत बांबू टेकला. मधल्या धारेत वारा सुटला, माणसं एका अंगाला सरकली आणि पाणी डोंग्याच्या कडेच्या बोटभर खाली येऊन थांबलं. लेकीने पोटावर दोन्ही हात धरले होते. "हलू नका!" मी ओरडलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मनातून म्हणालो, माय, बांबू मी धरतो, बाकी तू बघ. डोंगा काठाला लागला. लेकीला उतरवलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवताना मला रडू आवरेना.

रिकामा डोंगा घेऊन मी तसाच परतलो. म्हातारी चिंचेखाली बसली होती.

"माय, तू उतरली काऊन?"

"नैवेद्याची भाकर घरीच इसरली होती ना! आता सुनेनं आणून देल्ली."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती दचकलीच. "अरे, काय करून राह्यला?"

पुढे छिन्नीने मी डोंग्याला खोल खाच पाडली; शेंदूर कितीही लागो, बोटाला ती लागायचीच. लेकीला मुलगी झाली. देवीवर भार टाकायचा म्हणजे बांबू सोडायचा नाही, एवढं मला कळलं.

पण त्या दुपारी काठावर कितीही माणसं ताटकळत असली, तरी मी दुसऱ्या कुणाला घेतलं नाही. अख्ख्या डोंग्यात ती म्हातारी एकटी, मांडीवर भाकरीचं फडकं.

"हळू नेजो रे बापू," ती म्हणाली.

"हो माय," मी म्हणालो.