बाबाच्या वाटणीचा गूळ

"शर्ट काढ," सर म्हणाले.

बाबा शर्टाची बटणं सोडायला लागला. एक बटण अडकलं. मागून मुकादम ओरडला, "जल्दी कर ना यार, और भी लोग हैं." बोईसरमधल्या एका हॉलमध्ये आमच्या मेडिकल कॉलेजचा छाती तपासणीचा कॅम्प होता. कारखान्यांतून कामगार रांगेनं आणले होते. आम्ही तिसऱ्या वर्षाचे बारा विद्यार्थी पांढरे कोट घालून गोल उभे होतो. मध्ये एक स्टूल. स्टुलावर माझा बाप.

तो माझा बाप आहे हे तिथं कोणालाच माहीत नव्हतं. त्यानं मला दारातून आत येतानाच पाहिलं होतं. एकदाच. मग मान खाली घातली ती परत वर केली नाही.

"दम कधीपासून लागतो?"

"दोन वर्सं झाली, साहेब."

"बिडी किती?"

"बिडी नाय पीत, साहेब."

सर आमच्याकडे वळून हसले. "सगळे असंच सांगतात. या लोकांची हिस्ट्री कधी खरी धरायची नाही. लिहा, बिडी." बाराही जणांनी लिहिलं. मीसुद्धा लिहिलं. माझ्या बापानं जन्मात बिडी ओठाला लावली नाही, आणि मी माझ्या हातानं, स्वच्छ अक्षरात, बिडी लिहिलं.

"छातीसाठी काय करतोस मग?"

"गूळ खातो. कंपनी देते. रोज सुटायच्या टायमाला एक खडा."

हसू फुटलं. सरांनी हसू दिलं. मग समजावून सांगितलं, "गूळ जातो पोटात. पावडर जाते फुफ्फुसात. दोन वेगळ्या नळ्या. एवढंसुद्धा यांना कळत नाही, आणि आपण यांना बरं करायचं." कोणीतरी फोनवर फोटो काढला. मी हसले. नुसते ओठ ताणले, आवाज नव्हता काढला, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होते. पण हसले.

मग एकेकानं छाती ऐकायची होती. माझा नंबर आला. मी बापाच्या पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला. घामावर पिवळट पावडर होती, ती माझ्या बोटांना लागली. घरी मी बाबाला 'तू' म्हणायचे. आमच्याकडे सगळीच पोरं म्हणतात.

"मोठा श्वास घ्या," मी म्हणाले. "सोडा."

त्यानं घेतला. त्यानं सोडला. फार मन लावून, शाळेतल्या पोरासारखा. आत, खाली, दोन्हीकडं बारीक करकर ऐकू येत होती. सरांनी विचारलं, "आली ऐकू?" मी म्हणाले, "येस सर." सर म्हणाले, "व्हेरी गुड." माझ्या बापाची फुफ्फुसं सडल्याचं मला बरोबर ओळखता आलं म्हणून मला शाबासकी मिळाली.

"चल, ऊठ. दुसरा," मुकादम म्हणाला. बाबा शर्ट हातात घेऊनच गेला.

आता गुळाचं सांगते.

बाबा विक्रमगडकडच्या एका पाड्यावरचा. घरची जमीन डोंगरउताराची, पावसावर जगणारी. मी पाळण्यात होते तेव्हा तो बोईसरला आला आणि रंग बनवणाऱ्या कारखान्यात लागला. पावडरच्या खात्यात. तिथं रंगाची पावडर दळायची, चाळायची, गोणीत भरायची. तोंडाला घरचा रुमाल. मास्क यायचे, पण तपासणीचे साहेब यायचे त्याच दिवशी, आणि साहेबांबरोबरच परत जायचे. आज कुठला रंग चालू आहे ते बाबाच्या थुंकीवरून आम्हाला कळायचं. उशीचा अभ्रा कितीही धुतला तरी आईला पांढरा करता आला नाही.

आणि रोज गूळ. सुटायच्या वेळी गेटवर मुकादम पत्र्याच्या डब्यातून प्रत्येकाच्या हातावर एक खडा ठेवायचा. गूळ खाल्ला की छातीतली पावडर धुऊन निघते, असं पूर्वापार सगळे सांगायचे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. मुकादमासमोरच तो खायचा असा नियम होता. बाबा तोंडाकडे हात न्यायचा, गाल हलवायचा, आणि खडा रुमालात ठेवायचा. घरी आला की माझ्यापुढे रुमाल सोडायचा. "खा बाय. मी खाल्ला." कधी पिवळा, कधी लाल डाग असायचा खड्यावर. आई पाण्याखाली धरायची आणि मला द्यायची. बालवाडीपासून बारावीपर्यंत मी तो गूळ खाल्ला.

स्टुलावर बसून बाबा खोटं बोलला होता. गूळ तो खात नव्हताच. पण मुकादम मागे उभा होता. काय सांगणार?

गुळानं छाती साफ होत नाही, हे मला आता माहीत आहे. त्याला माहीत नव्हतं. त्याचा त्यावर पुरा विश्वास होता. हे माझ्या डोक्यात कधी शिरलं ते सांगता येत नाही, पण शिरलं तेव्हापासून मला धड जेवण गेलेलं नाही. आपली छाती वाचवणारं औषध आहे असं त्याला वाटत होतं, आणि ते तो रोज माझ्या हातावर ठेवत होता.

दिवाळीनंतर तो कामावर जायचा बंद झाला. बसून झोपायचा. शिरगावला ने म्हणायचा. तिथल्या किनाऱ्यावर वारं तोंडावर येतं. रविवारी रिक्षा करून नेलं की वाळूत बसायचा, तोंड उघडं ठेवून. कोळणी मासळी वाळत घालत असायच्या. त्यातली एक मला म्हणाली, "पोरी, त्याला सावलीत बसव, ऊन लागेल." बाबा हातानंच नाय म्हणाला. त्याला वारा हवा होता. त्या कॅम्पबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. मीही नाही. माफी मागायला तीन रविवार होते माझ्याकडे. मी त्याला शेंगदाणे सोलून दिले.

चौथ्या रविवारच्या आधीच तो गेला.

तेव्हापासून ती करकर माझ्या कानात आहे. वॉर्डात कुठल्याही पेशंटच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की आधी ती ऐकू येते, मग पेशंटचा श्वास. एकदा एका धडधाकट मुलाच्या छातीत मी ती ऐकली आणि तसं लिहिलं. चूक निघाली. सर म्हणाले, "तुझे कान तपासून घे." मी खरंच तपासून घेतले. कान ठीक होते.

त्याच सुमारास कॉलेजच्या बोर्डावर सूचना लागली. प्रोजेक्ट इयर. तिसऱ्या वर्षानंतर एका विद्यार्थ्यानं एक वर्ष नेहमीचे वर्ग सोडायचे, एका मोठ्या डॉक्टरच्या हाताखाली स्वतःचा एक प्रश्न घेऊन काम करायचं, आणि शेवटी ते स्वतःच्या नावानं छापायचं. मला ते वर्ष हवं होतं. तितकी मला मेडिकलची सीटसुद्धा हवी नव्हती. बाबाला काय झालं ते मला नीट, पुराव्यानिशी लिहायचं होतं.

अर्ज लिहायच्या आधी मी आमच्या चाळीत घरोघर गेले. पावडरच्या खात्यातल्या माणसांची घरं मला पाठ होती. एकच प्रश्न विचारला, कंपनीचा गूळ कोण खातं? पहिल्या घरातली काकू हसली. "गूळ? तो पोरं खातात ना." दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरात माणूस स्वतःच खाटेवर बसून खोकत होता. म्हणाला, "आमी मोठी माणसं. आमाला काय होतं? पोरांची छाती नाजूक." एका घरात पाटण्याकडचं कुटुंब होतं. बाई म्हणाली, "बच्चों के लिए लाते हैं, दीदी. धुआँ तो इनको भी लगता है." मी चाळीबाहेर येऊन गटाराच्या कडेला बसले. एकटा माझा बाप नव्हता. अख्खी चाळ आपापल्या पोरांना स्वतःची छाती खाऊ घालत होती.

मी अर्जात हेच लिहिलं. या माणसांना मास्कच्या जागी गूळ कोणी दिला, का दिला, आणि त्यांच्या छातीत आज काय आहे.

मुलाखतीला तिघं होते. मधल्या खुर्चीवर तेच सर. मेंटॉर तेच होणार होते. त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. "विषय छान आहे. गूळ. लोकांना आवडेल. फक्त जरा दिशा बदलू." मग बदललेली दिशा सांगितली. कामगारांमधले आरोग्याविषयीचे गैरसमज. कंपनी बिचारी गूळ देते, तोही हे धड खात नाहीत. कारखानदार मदत करायला तयार आहेत. मास्कचा विषय नको, तो आपला नाही.

"तुला त्यांची बोली येते, तेव्हा फॉर्म तू भरून घे. लिहायचं काम आपला टॉपर करेल, त्याचं इंग्लिश चांगलं आहे. नाव तुझंही येईल. शेवटी."

मी टेबलावरच्या माझ्या अर्जाकडे बघत होते. त्यांना वाटलं मला कळलं नाही.

"अगं, कोट्यातून सीट मिळाली, आता हेही मिळतंय. आणखी काय पाहिजे तुम्हा लोकांना?"

बाकीचे दोघे कागद चाळत राहिले. सरांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "हा बघ, आपला पहिला पेशंट. आठवतो? गूळ खातो म्हणाला होता तो."

स्क्रीनवर बाबा होता. उघडा, स्टुलावर, डोळ्यांवर काळी पट्टी मारलेला. कडेला अर्धा पांढरा कोट दिसत होता. माझा.

"तो माझा बाप आहे," मी म्हणाले.

मला वाटलं, आता तरी काहीतरी होईल. माणूस आहे, ओशाळेल. लॅपटॉप तरी बंद करेल.

सर म्हणाले, "अरे! मग आधी नाही का सांगायचं? बरंच झालं. याचं संमतीपत्र राहिलंच होतं." आणि त्यांनी ड्रॉवरमधून फॉर्म काढून माझ्यापुढे सरकवला. पेनही दिलं. "वारस म्हणून तूच सही कर. तो आहे ना, की...?"

"मेला."

"सो सॉरी. मग तर तुझीच लागेल."

मी पेन उचललं नाही. फॉर्म घेतला, माझा अर्जही घेतला, दोन्ही घडी घालून बॅगेत टाकले. मग म्हणाले, "तो बिडी पीत नव्हता, सर. तुम्ही बिडी लिहायला लावली. मी लिहिली. तो गूळ खात नव्हता, तो मला द्यायचा. सही मी करणार नाही. फोटो काढून टाका. नाही काढला तर मी याच कॉलेजात त्याच्याविरुद्ध अर्ज देईन आणि हॉलमध्ये काय झालं ते सगळं लिहीन. मी काय केलं तेसुद्धा."

"वर्ष हातचं जाईल तुझं."

"जाऊ दे."

गेलं. टॉपरला मिळालं. गैरसमजांवरच काम चाललंय त्याचं. त्यातून बाबाचा फोटो मात्र काढून टाकला, एवढं मी स्वतः जाऊन बघून आले.

घरी आले तर आई तांदूळ निवडत होती. "मिलाला का वर्ष?"

"नाय."

"का?"

मी सगळं सांगितलं. हॉल, स्टूल, बिडी, माझं हसणं. पहिल्यांदाच. आईनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "माना माहीत हाय. त्या दिशीच सांगला त्यानं. बोलला, पोरगी डॉक्टरीन दिसते. मीच वळख नाय दिली, तिला कमीपना नको."

आईला वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल. नाही वाटलं. अजून नाही वाटत. त्यानं माझी लाज झाकली आणि मी त्याला झाकू दिलं, याला औषध नाही. मी ते शोधतही नाही.

बाबाच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलंय, हृदयक्रिया बंद पडून. चाळीत गेल्या काही वर्षांत जी माणसं गेली त्यांचे दाखले मी घरोघर मागून पाहिले. सगळ्यांची हृदयं बंद पडलेली. पावडरच्या खात्यात कोणी फुफ्फुसानं मरतच नाही. लिहिणारा डॉक्टर एकच नव्हता, वेगवेगळे होते. सगळ्यांनी तेच लिहिलं.

दर रविवारी मी चाळीत बसते. मेंटॉर नाही, वर्ष नाही. माणसं सांगतात तसं लिहून घेते. कुठल्या खात्यात, किती वर्षं, तोंडाला काय बांधायचे. कोणी नाय म्हणालं तर नाय लिहिते.

मी पास होणार. मला नापास करायला ते धडपडतील, तरी होणार. आणि बोईसरमध्येच दवाखाना टाकणार, त्या गेटच्या समोर. दाखल्यावर सही करायचा हक्क माझ्या हातात येईल त्या दिवसापासून माझ्याकडून कोणाचं हृदय उगाच बंद पडणार नाही. कारणाच्या रकान्यात मी पावडर लिहीन. खातं लिहीन. किती वर्षं श्वासात घेतली ते लिहीन. मुकादम येईल, कंपनीचा वकील येईल, सरही येतील कदाचित. येऊ देत. बसायला खुर्ची देईन आणि दाखल्याची प्रत त्यांच्याच हातात देईन, मोठ्यानं वाचायला.