आईने न घेतलेलं नाव

साड्यांच्या कपाटात बांगडे सापडले तेव्हा मी आईवर इतकी ओरडले की शेजारीण लाटणं हातात घेऊनच दारात आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, ठेवणीतल्या साड्यांवर नीट रचलेले बांगडे. "म्हातारं माणूस आहे, होतं असं. एवढं काय अंगावर जायचं?" शेजारीण मला म्हणाली आणि आईकडे वळली, "काय हो, जेवलात?" आई गोड हसली. "जेवलंय तर. तू ये गो, बस." साड्यांचा वास पुढे कितीतरी दिवस गेला नाही, आणि आमच्या मजल्यावर वाईट ठरले ती मीच.

कांजूरमार्गच्या त्या दोन खोल्यांत तेव्हा आम्ही दोघीच राहायचो. बाबा गिरणीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझं लग्न राहिलं ते राहिलंच. मी अंधेरीला एका कंपनीत टायपिस्ट होते आणि दिवसभर टाइप करताना डोक्यात एकच, आईने स्टोव्ह तर पेटवला नसेल? भाऊ बोरिवलीला, त्याच्या संसारात. तो एखाद्या रविवारी यायचा आणि नेमकी त्या दिवशी आई अशी काही झकास वागायची की विचारू नका. नातवंडांची चौकशी काय, सुनेला "बारीक झालंस गो" काय! जिना उतरताना भाऊ म्हणायचा, "आईला काही झालेलं नाही गं. तूच दमलीयस. चार दिवस रजा घे ना." रजा घेऊन जाऊ कुठे, तुझ्या घरी? असं मी एकदा तोंडावर विचारलं, तेव्हा त्याला एकदम गाडीची वेळ आठवली.

तो गेला की आई मला विचारायची, "तो कोण इल्लो?"

मला फक्त कोणीतरी एकदा सांगायला हवं होतं, की हो बाई, तुमची आई आजारी आहे, तुम्ही कजाग नाही. नाक्यावरच्या डॉक्टरांनी ताकदीचं टॉनिक दिलं. गावाहून मावशीने कळवलं, कोणीतरी काहीतरी केलंय, देवाला गाऱ्हाणं घाला. तोही नारळ ठेवून झाला. शेवटी ऑफिसातल्या एकीने दबक्या आवाजात सांगितलं की मोठ्या इस्पितळात डोक्याचे डॉक्टर बसतात. "पण कुठे बोलू नकोस हं, लोक म्हणतील आईला ठाण्याला, वेड्यांच्या इस्पितळात नेणार." बोलणार कोणाशी? होतं कोण माझ्याशी बोलायला!

आईला म्हटलं, चष्म्याचा नंबर तपासायला जायचंय.

डॉक्टर तरुण होता, पुस्तकी मराठी बोलणारा, पण माणूस चांगला. "आजी, आज वार कोणता?" त्याने विचारलं. आई म्हणाली, "तुमका ठावक नाय? एवढे शिकलात ते कित्याक?" तो खो खो हसला. गाव तिने वाडीसकट सांगितलं. मुलं किती, तेही सांगितलं. मी बाजूला बसून मनात म्हणत होते, अगं चूक, एकदा तरी चूक, माझ्यासाठी.

मग त्याने विचारलं, "यजमानांचं नाव काय होतं?"

आईने पदर सारखा केला, मान खाली घातली आणि हसली. त्याने पुन्हा विचारलं. ती पुन्हा नुसतीच हसली. त्याने कागदावर फुली मारली.

त्या फुलीसाठी मी वर्षभर धडपडत होते, आणि ती बघून माझंच टाळकं सटकलं. "अहो डॉक्टर, फुली कसली मारता? आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. रेशनच्या दुकानात विचारलं तर ही मला पुढे ढकलायची. विसरलेली नाही ती, लाजतेय!" डॉक्टर ओशाळला. "सॉरी, माझ्या लक्षात आलं नाही," म्हणाला आणि फुली खोडली. मग काय, वयोमान, झोपेची गोळी, तीन महिन्यांनी वाटलं तर या.

बाहेर आल्यावर स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. कोणी सांगितलं होतं तोंड उघडायला? पण खरं सांगते, परक्या माणसाने माझ्या आईला नापास केलेलं मला बघवलं नाही. रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

घरी आल्यावर चहा केला, तिला बशीत ओतून दिला. ती खुशीत होती. तेव्हा मला आठवलं, नाव घ्यायची तिची एक रीत होती की! हळदीकुंकवाला बायका मागे लागल्या की उखाण्यात ती ठसक्यात नाव घ्यायची. बाबा गेल्यापासून तिला कोणी उखाणा घ्यायला सांगितलं नव्हतं. विधवेला कोण सांगणार? मी दार लावलं आणि तिच्यासमोर बसले.

"आई, बाबांचं नाव घे ना गं. उखाण्यात."

ती खरंच लाजली. मग घसा खाकरून म्हणाली, "माडाच्या सावलीत पोफळीची बाग..."

आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. ओठ हलले. मग एकदम म्हणाली, "...रावांचं नाव घेते, सोडा आता राग."

"आई, नाव राहिलं."

"घेतलंय मा!" तिला कसली शंकाच नव्हती.

झालं. वर्षभराचं भांडण मी जिंकले होते आणि ते सांगायला त्या खोलीत कोणी नव्हतं. बाबा गेले तेव्हा रडायला आम्ही दोघी होतो. आता मी एकटीच होते, आणि ती समोर चहा पीत बसली होती.

"आता तू घे," माझ्या मांडीवर चापट मारून ती म्हणाली.

मी कोणाचं घेणार, कपाळ माझं! पण घेतलं. तिचाच उखाणा म्हटला आणि राहिलेल्या जागी बाबांचं नाव घातलं, अगदी मोठ्याने.

ती कौतुकाने ऐकत होती. "बरा नाव आसा गो," म्हणाली. "खय आसतत कामाक?"

"गिरणीत."

ती जराशी काळजीत पडली. "बदली कामगार काय पर्मनंट?"

"पर्मनंट," मी म्हटलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला.