आतून खुळखुळता कामा नये
शहरातली पहिली तीन वर्षं मी दुसऱ्यांच्या भेटवस्तू कागदात गुंडाळण्यात घालवली. चार मजली दुकान, तळमजल्यावर जिन्याखाली पॅकिंगचं टेबल, आणि त्या टेबलाची महाराणी आत्या. ती कोणाचीच आत्या नव्हती. पण रुसणं, सल्ले देणं आणि दुसऱ्याच्या कामात खोट काढणं, एवढ्या भांडवलावर तिनं ते पद मिळवलं होतं. आम्ही राहायचोही एकत्र, मागच्या गल्लीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत. त्यातलं नऊ बाय नऊ तिचं.

सुट्ट्यांच्या सीझनला अख्खं शहर आपापल्या घरी निघायचं आणि आम्ही त्यांचे खोके बांधत बसायचो. आत्याचा नियम एकच: खोका खुळखुळता कामा नये. कागद लावण्याआधी ती प्रत्येक खोका कानाशी धरून हलवायची. आवाज आला की हाताला लागेल तो कागद चुरगळून आत कोंबायची. जुनं वर्तमानपत्र, पावती, एकदा मला आलेलं प्रेमपत्र. तसं ते पत्र तिथेच जास्त उपयोगी पडलं.

"खुळखुळलं की आत काय ते कळतं," ती म्हणायची. "मग उघडण्यात डोंबलाची मजा?"

तिची एकुलती एक लेक पाच तासांवरच्या गावात. लग्नानंतर दर सीझनला ती आईला बोलवायची आणि दर सीझनला आईची रजा नामंजूर व्हायची. मागच्या वर्षी तिनं बोलावलंच नाही. यंदा नात सहा महिन्यांची झाली, तेव्हा लेक फोनवर एवढंच म्हणाली, "या वेळी आली नाहीस तर पुन्हा विचारणार नाही." आत्यानं दिवसभर भांडी आपटली. मग अर्ज लिहिला आणि साहेब जेवून सुस्तावलेले असताना गाठून त्यावर 'मंजूर' अशी सही घेतली. बस दुपारी चारची होती.

निघायच्या दिवशी दीड वाजता तिनं टेबल चाचपलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. "माझा अर्ज कुठाय गं?"

कुठे असणार? कोंबला होता तिनंच, कुठल्यातरी खोक्यात. सकाळपासून सत्तर खोके बांधून झाले होते. मी एकेक हलवून पाहिला. एकही खुळखुळेना.

"फोडू या," मी म्हणाले.

"माझं पॅकिंग? हात तोडीन!"

ती साहेबांकडे धावली. साहेब म्हणाले, "सीझनमध्ये रजा? मी दिली? मला काय वेड लागलंय?"

मागच्या दारावरचा वॉचमन सहीशिवाय स्वतःच्या आईलाही बाहेर सोडणारा नव्हता. पुढच्या दारात साहेब स्वतः गिऱ्हाइकांना दात दाखवत उभे. आत्या स्टुलावर बसली आणि चक्क रडायला लागली. मला त्या बाईचा रोज राग यायचा, पण तिचं रडणं काही मला बघवेना.

वॉचमन माणसं तपासायचा. बांधलेल्या मालाला मात्र हात लावत नसे, कारण गिऱ्हाइकाची भेट चुरगळता कामा नये असा साहेबांचाच हुकूम होता.

"आत्या, फ्रिजच्या खोक्यात मावशील?"

ती रडायची थांबली. "छोट्या की मोठ्या?"

हवेसाठी भोकं पाडली, तिला आत बसवलं आणि कागद गुंडाळायला घेतला. 'नाजूक वस्तू, सांभाळून धरा' असं एक लेबल सोललं, ते घाईत हातातून निसटून कुठे पडलं कोण जाणे. दुसरं चिकटवलं.

"उजवा कोपरा सैल आहे," खोका म्हणाला.

"गप्प बस. खुळखुळू नकोस."

"टेप दोनदा लाव म्हटलं ना!"

मी ढकलगाडी मागच्या दाराशी आणली. डिलिव्हरीचा ड्रायव्हर आमच्यात सामील होता. पुढच्या चौकात तो तिला सोडवणार होता. वॉचमननं वही उघडली आणि नेमका तेव्हाच खोका शिंकला.

"काय आहे आत?"

"बोलकी बाहुली."

"शिंकते?"

"महागातली आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं, 'बाहुली, नग एक.' त्याला ते खरंच पटलं, का त्यालाही कुठेतरी आई होती म्हणून त्यानं सोडलं, हे मी अजून विचारलेलं नाही.

सुट्ट्या संपल्यावर एक गिऱ्हाईक चुरगळलेला अर्ज घेऊन आलं. सासऱ्यांच्या सपातांच्या खोक्यात निघाला म्हणे. साहेबांनी स्वतःची सही पाहिली, दोनदा पाहिली आणि त्या दिवशी कोणावरही ओरडले नाहीत.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी आत्या परतली. आल्या आल्या उजव्या कोपऱ्यावरून माझी बिनपाण्यानं केली. मग म्हणाली, बसमध्ये लोक फारच हसतमुख होते. तिच्या मागून बसमध्ये चढलेला म्हातारा तर पाच तास तिला सारखा विचारत होता, "बरं आहे ना? धक्का नाही ना लागला?"

"आणि लेक?"

लेकीनं दार उघडलं ते तोंड फुगवून. कडेवर पोर. "आलीस?" आत्या पाठ वळवून चपला काढायला वाकली. माझं हरवलेलं लेबल तिच्या पाठीवर होतं. लेकीनं ते मोठ्यानं वाचलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," आत्या म्हणाली आणि समोरच पडलेली कात्री शोधू लागली. "धरलं तिनं. सांभाळून."