नीलाबचा दिल्लीचा फोन

आमच्याकडे दूध घालणाऱ्या कस्तुराबाई कुरवंडे गावच्या. त्यांच्या घरालगतच्या खोलीत नीलाब राहते. अफगाणिस्तानातून पुण्याला शिकायला आलेली. ती इथं असतानाच तिकडचं राज्य बदललं. मुलींच्या शाळांविषयी तिनं जे लिहिलं होतं, त्यापायी परत जाण्याची सोय उरली नाही. इकडे व्हिसा संपला. पुण्यात कुणी खोली देईना. आता भरतकाम करून देते आणि दिल्लीच्या फोनची वाट बघते. निर्वासित म्हणून नोंद करून घेणारं कार्यालय तिथलं. मुलाखत फोनवरून ठरायची होती. ती पार पडून कागद मिळाला, की निदान लपून राहायला नको.

तिच्या खोलीत रेंज नाही, कस्तुराबाईंच्या ओट्यावर येते. म्हणून फोन तिथल्या खिडकीत ठेवलेला. नीलाब नळावर गेली आणि नेमका तो वाजला.

कस्तुराबाईंनी उचलला. नीलाब नूरी इथंच राहतात का, असं कुणी हिंदीत विचारत होतं. परक्यानं कुणाचा ठावठिकाणा विचारला, की आधी कानावर हात ठेवायचे, ही गावची रीत. त्यात माझं नाव कुणाला सांगू नका, असं नीलाबनंही बजावलेलं.

“अशी कुनी न्हाई हितं. परत फोन करू नगा,” त्यांनी सुनावलं.

नीलाब हंडा घेऊन आली, तशा फुशारकीनं म्हणाल्या, “पोरी, कुनी बाप्या तुझी चौकशी करत हुता. लय गोड बोलत हुता. मी काय पत्ता लागू देती व्हय!”

नीलाबनं नंबर बघितला. लावून पाहिला. उलट फोन लागेना.

“दिल्लीचा होता, मावशी.”

“आता गं बया! करतील की परत.”

“करतील. कधी, ते नाही सांगत. मागच्या वेळी वाट बघण्यात वर्ष गेलं.”

कस्तुराबाई म्हणाल्या, “मला दोन शिव्या तरी घाल.”

“शिव्या कशाला? आमच्या घरी पण माणसं येतात, मला शोधत. आई त्यांना हेच सांगते, अशी कुणी मुलगी नाही. भिंतीवरचे माझे फोटोही काढलेत तिनं.”

मला हे सांगताना कस्तुराबाईंच्या हातातलं दुधाचं माप तसंच राहिलं.

“वहिनी, ती बसली वट्यावर, फोनवर काय काय लिवत. च्या ठेवला बाजूला, तर साय धरली तरी हात लावला न्हाई. आता नळावर बी जात न्हाई. पानी मीच भरते तिचं.”