चौकातल्या फळ्यावरचे बारीक अक्षर

रविवार, ३० ऑगस्ट २००९, पहाटेचे पाच वाजून चाळीस मिनिटे. सदाशिव पेठेतल्या एका चौकात, गणपतीच्या मांडवाला लागून असलेल्या फळ्यावर दिगंबर रिसबूड लिहीत होते. डावा हात फळ्याच्या चौकटीवर टेकलेला, उजव्यात खडू. मागे त्यांच्या पत्नी हेमाताई ओले फडके घेऊन उभ्या होत्या. स्वाइन फ्लूच्या धास्तीने महिनाभर शहर तोंड बांधून फिरत होते. दिगंबररावांचा मास्क हनुवटीखाली होता, कारण तो वर घेतला की चष्म्यावर वाफ धरते. ‘चांद्रयानाशी संपर्क तुटला’ एवढी ओळ पुरी होईपर्यंत दुधाचा टेम्पो आला, क्रेट उतरवून निघूनही गेला.

हा फळा मंडळाचा. १९९४ पर्यंत त्यावर राजकारण लिहिले जायचे आणि त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. तेव्हा मंडळाने तो रिसबुडांकडे सोपवला. ते दूरध्वनी खात्यात बिलाच्या टेबलावर कारकून होते, आणि अक्षर इतके चांगले की पेठेतल्या अर्ध्या लग्नपत्रिकांवरचे पत्ते त्यांच्या हातचे. त्यांनी दोनच विषय घेतले: आकाश आणि यंत्रे. या दोहोंवरून पेठेत कोणी कोणाची गचांडी धरणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. वर बातमी, खाली एक आडवी रेघ आणि रेघेखाली ‘आमचे मत’. मत एका ओळीचे.

लोक बातमीसाठी थांबत नसत. बातमी पेपरात मिळायची.

मोबाइल आला तेव्हा बोलणाऱ्याला पैसे पडत आणि ऐकणाऱ्यालाही. ‘आमचे मत : पुण्यात ऐकून घेण्याचे पैसे प्रथमच मागितले जात आहेत. आजवर ते फुकट होते, म्हणून कोणी ऐकत नसे.’ दोन हजार साल उजाडले आणि जगातले संगणक बंद पडले नाहीत, तेव्हा त्यांनी लिहिले की, न झालेल्या अपघाताचे एवढे मोठे बिल खात्यातही कधी पाहिले नव्हते. शुक्र सूर्यबिंबावरून सरकत गेला त्या दिवशी त्यांना लक्ष्मी रस्ता आठवला: इतक्या शांतपणे तो कोणी ओलांडून दाखवावा. आणि प्लूटोचे ग्रहपद गेले तेव्हा, ‘आमचे मत : सेवाज्येष्ठता असताना पदावनती. त्याने दाद मागावी.’ या शेवटच्या फळ्यासमोर बँकेचे एक निवृत्त अधिकारी बराच वेळ हसत उभे होते, अशी आठवण चौकात अजून सांगतात.

त्याच सुमाराला अक्षर बारीक व्हायला लागले.

आधी कोणाच्या लक्षात आले नाही. मग आले ते प्रत्येकाच्या आपापल्या परीने. मंडळाचे अध्यक्ष बापूराव यांचे समोरच्या फुटपाथवर छत्र्या-बॅगांचे दुकान. पूर्वी ते गल्ल्यावर बसून फळा वाचत. आता त्यांना रस्ता ओलांडून यावे लागे. रिसबूड खडू वाचवायला लागले, असे त्यांनी गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली. एकदा तर त्यांनी खडूचा अख्खा खोका दिगंबररावांच्या हातात ठेवला.

“मंडळाचा खर्च आहे, रिसबूड. मोकळ्या हातानं लिहा.”

दुसऱ्या दिवशी फळ्यावर बातमीच नव्हती. फक्त, ‘आमचे मत : ज्याला वाचायचे त्याने जवळ यावे.’ तेही बारीक अक्षरात. चौक दोन दिवस हसत होता. काटकसर हा पुण्यात रोग समजला जात नाही.

हेमाताईंना वाटले, दोष आपल्या डोळ्यांचा आहे. त्यांनी चष्म्याचा नंबर बदलून घेतला. दिगंबररावांचे म्हणणे, बातम्या वाढल्या, फळा तेवढाच राहिला. पूर्वी महिन्यातून एखादा नवा शोध लागायचा, आता रोज चार लागतात, दाटीवाटीने बसवावे लागते. हे कोणालाही पटण्यासारखे होते.

मुलगा आमोद हडपसरला एका सॉफ्टवेअर कंपनीत. जवळच मांजरी गावातल्या नव्या वसाहतीत त्याने फ्लॅट घेतला होता. दर रविवारी तो सकाळी लवकर येई आणि समोरच्या फुटपाथवरच्या विजेच्या खांबाला पाठ लावून फळ्याचा फोटो काढी. फोटो ऑर्कुटवर जात. परदेशी गेलेले पेठेतले लोक त्याखाली भांडत. पुढेपुढे फोटोत अक्षर लागेना. आमोदने कॅमेरा विकून दुप्पट मेगापिक्सेलचा घेतला. तरी लागेना, तेव्हा त्याने वडिलांना मोठे लिहायला सांगितले. “मोठंच लिहितोय,” असे दिगंबरराव म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. त्यांना ते मोठेच वाटत होते.

ऑक्टोबर २००८ मध्ये, चांद्रयान सुटायच्या आठवड्यात, आमोदच्या शेजारच्या खुर्चीवर काम करणाऱ्या नम्रताने हे फोटो एका ओळीत पाहिले. ती अमरावतीची. प्लूटोपासून पुढे सगळे फोटो तिने दोनदा सरकवून पाहिले आणि विचारले, काका हल्ली चालताना एक हात हलवत नाहीत का. आमोदने आठवून पाहिले. नाही हलवत.

“आमच्या बाबांचं अक्षर असंच लहान लहान होत गेलं होतं,” ती म्हणाली. “तू काकांना डॉक्टरला दाखवून दे. कॅमेऱ्याचं काही नाही यात.”

डॉक्टरांनी त्यांना चालायला लावले, बोटे आपटायला लावली, मग एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहायला सांगितले. दिगंबररावांनी ‘चांद्रयान बुधवारी झेपावणार’ हे निवडले. पहिली ओळ ठीक होती. कागदाच्या तळाशी मुंग्यांची रांग होती. पार्किन्सन, डॉक्टर म्हणाले; बहुधा दोन-तीन वर्षे झाली असावीत. याआधी कोणाच्या काही लक्षात आले नाही का, असे त्यांनी विचारले. हेमाताईंनी नवा चष्मा काढून पदराने पुसायला घेतला.

रेघांमध्ये लिहिले तर अक्षर आटत नाही, हे त्यांना तिथेच कळले. त्या दिवसापासून हेमाताई रोज फळा पुसून, खडूच्या भुकटीत बुडवलेला दोरा दोन टोकांना ताणून सोडत आणि फळ्यावर रेघा उमटवत. काही महिने अक्षर परत आले. बापूरावांनी एका शब्दानेही माफी मागितली नाही. त्यांनी फळ्यावर एक ट्यूबलाइट बसवून दिली. आमोद इंटरनेटवर वाचत बसे. मेंदूत तार घालून हाताचा कंप थांबवता येतो, असे त्याने एका रविवारी घरी सांगितले. सोमवारी ती बातमी फळ्यावर होती. ‘आमचे मत : तारा किती वेळा तुटतात ते आम्ही खात्यात राहून पाहिले आहे.’ लोक हसले. आमोदला त्या फळ्याचा फोटो एका शेजाऱ्याने पाठवला. त्याने तो ऑर्कुटवर टाकला नाही.

या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितले की गोळ्या आता याहून वाढवता येणार नाहीत. सकाळच्या पहिल्या गोळीनंतर तासभर हात बरा चालेल. पुढच्या गोळ्यांनी तेवढाही चालेलच असे नाही. तो एक तास कशाला वापरायचा, हे घरी ठरवा.

घरी ठरवण्यासारखे काही नव्हते. दिगंबरराव पाचला गोळी घेत आणि साडेपाचला फळ्यासमोर उभे राहत. फळा लिहून झाला की तास संपलेला असे. मग दाढी हेमाताई करत, सदऱ्याची बटणे हेमाताई लावत, पोहे चमच्याने हेमाताई भरवत. मोबाइलपासून प्लूटोपर्यंत कशालाही न सोडणारा माणूस त्या वेळी खिडकीकडे बघत घास गिळायचा. आमोदने एकदा सुचवले की सकाळची गोळी उशिरा घ्या, निदान जेवणखाण स्वतःच्या हाताने होईल. दिगंबरराव त्याच्याशी पुढचा रविवार बोलले नाहीत.

तर तीस ऑगस्टला बातमी लिहून झाली. दोन वर्षांसाठी पाठवलेले यान दहा महिन्यांतच गप्प झाले होते, पण ठरलेले बहुतेक काम उरकून. दिगंबररावांनी रेघ मारली, ‘आमचे’ लिहिले आणि हात थांबला. खडू फळ्याला टेकलेला होता, पुढे सरकत नव्हता. त्यांनी डाव्या हाताने उजवे मनगट धरून पाहिले. शेवटी ते मागे वळले आणि खडू हेमाताईंपुढे धरला.

पंधरा वर्षे हेमाताईंनी हा फळा पुसला होता. त्यावर एक अक्षर लिहिले नव्हते. दिगंबररावांचा आवाजही आता खाली गेला होता, दोनदा “काय?” म्हणून त्यांनी कान जवळ नेला आणि मग लिहिले: ‘आमचे मत : मुदत पुरी झाली नाही, काम झाले आहे. पेन्शन पूर्ण द्यावी.’ बारीक निघालेले ‘आमचे’ त्यांनी पुसून पुन्हा लिहिले. अक्षर गोल, टपोरे, प्राथमिक शाळेतल्या मुलीसारखे.

बापूराव मांडवातल्या सकाळच्या आरतीची तयारी करायला समोरून येत होते. ते रस्त्याच्या पलीकडेच थांबले. शेवटची ओळ त्यांनी तिथून मोठ्याने वाचून काढली.

“वा, रिसबूड. आज पार इथून वाचता येतंय. औषध लागू पडलं म्हणायचं.”

दिगंबररावांनी मान वळवून ओळीकडे पाहिले.

“औषध नाही,” ते म्हणाले. “ही.”

बापूरावांना ते ऐकू गेले नाही. हेमाताईंनी हातातला खडू वर करून दाखवला, तेव्हा कळले. ते मांडवात गेले आणि सरळ असलेला हार पुन्हा सरळ करत राहिले.

घरी आल्यावर हेमाताईंनी पोहे पुढ्यात ठेवले आणि चमचा उचलला. दिगंबरराव म्हणाले, उद्यापासून फळा तूच लिही. बातमी मी सांगत जाईन.

“आणि मत?”

“मत नको. ते ज्याचं त्याच्याच अक्षरात शोभतं.”

“मतं मलाही आहेत म्हटलं.”

“ती मी छत्तीस वर्षं ऐकतोय. चौकानं काय पाप केलंय?”

हेमाताई हसल्या नाहीत. त्यांनी चमचा खाली ठेवला. मग उठून त्यांनी गोळ्यांची डबी आणली आणि पाचच्या गोळीचे काय, असे विचारले. दिगंबररावांनी खिडकीकडे न बघता पोह्यांच्या बशीकडे पाहिले.

“नाश्त्याच्या आधी दे,” ते म्हणाले. “मी खाईन माझं.”

सोमवारी, ३१ ऑगस्टला, फळा नेहमीप्रमाणे सहाच्या आत लिहिला जाईल. त्यावर बातमी असेल, रेघ नसेल. पहिली गोळी साडेसातला आहे.