बटणाला बोट लागतं

देवरामच्या दुकानाला नाव नव्हतं. गंगापूर रोडला दोन मोठ्या दुकानांच्या मधल्या सहा फुटांत त्याची टपरी. वर पत्र्याची हातभर किल्ली टांगलेली आणि खाली रंगाने लिहिलेलं, 'गाडीचे रिमोट रिपेर करून मिळतील'. टपरीला दुकान म्हणायचं ते त्याच्या मानासाठी, पण मान होता हे खरं. सातपूरच्या एका कारखान्यात त्याने अकरा वर्षं सर्किटच्या पट्ट्यांना टाके मारले होते. अठ्ठ्याण्णव साली कारखान्याला टाळं लागलं, तेव्हा बरोबरीचे लोक मालकाच्या नावाने बोटं मोडत बसले आणि हा सोल्डरगन आणि मीटर पिशवीत घालून रस्त्यावर आला. आधी किल्ल्या घासल्या, मग गाड्यांना रिमोट आले तसा रिमोटात शिरला.

'नवाच घ्यावा लागेल' असं शोरूममध्ये ऐकून परत आलेला रिमोट देवराम अर्ध्या तासात चालू करून द्यायचा. त्याची पद्धत ठरलेली. आधी सेल बघायचा, मग सेलला टेकणारी पत्ती, मग बटणाखालचं रबर, आणि शेवटी पट्टी. "पायरी गाळली की माणूस गाळात," असं तो येईल त्याला ऐकवायचा. ऐकवायची त्याला हौसच होती.

गिऱ्हाइकं त्याच्याकडे माणसंही मागत. "देवराम, एखादा चांगला ड्रायव्हर सांग," असं ओढेकर साहेबांनी विचारलं तेव्हा त्याने सोमाचं नाव पुढे केलं. ओढेकर साहेब म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. बंगला दुकानापासून हाकेच्या अंतरावर, आणि स्वभावाने तसे वाईट नाहीत. सोमा देवरामच्या गावचा, इगतपुरीच्या पलीकडच्या वाडीतला. चार महिने भात, आठ महिने मिळेल तिथे मजुरी, त्यातच कधीतरी जीप चालवायला शिकलेला. देवरामपेक्षा दहा वर्षांनी लहान. त्याला 'दादा' म्हणायचा आणि अरे-तुरे करायचा, गावात करतात तसं.

"माझा माणूस आहे साहेब, जबाबदारी माझी," देवराम छातीवर हात ठेवून म्हणाला होता. दोन वर्षं त्या शब्दाला ओरखडासुद्धा आला नाही.

दोन हजार चार सालच्या खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी सोमा साहेबांचा रिमोट घेऊन आला. पडून कवच तडकलं होतं. देवरामने तो उघडून टेबलावर ठेवला. नवं कवच दुसऱ्या दिवशी मिळायचं होतं. सकाळी त्याची बायको कमळाबाई पूजेचं ताट घेऊन आली. ज्याच्यावर पोट आहे त्याची पूजा. मीटर, सोल्डरगन, किल्ल्या घासायचं मशीन, सगळ्यांना ओलं कुंकू आणि झेंडूचं फूल. देवरामने सढळ हाताने टेबलावर जे जे दिसेल त्याला बोट टेकवलं, साहेबांच्या उघड्या रिमोटालासुद्धा. मग वरवर पुसून कवच बसवलं आणि तो ते विसरून गेला.

पुढच्या जुलैत त्या रिमोटाचा सेल पंधरा दिवसांत दोनदा संपला. दोन्ही खेपांना सोमाच आला. सेल वर्षभर जातो हे देवरामला तोंडपाठ होतं. रबर उचलून बघायला हवं होतं. पण समोर चार माणसं उभी, वरून टपरी गळतेय. त्याने नवा सेल घातला, "माल हलका येतोय हल्ली," म्हणाला आणि सोमाला वाटेला लावलं.

त्याच आठवड्यात साहेब स्वतः आले, मागे मान खाली घातलेला सोमा. गाडी सकाळी तिसऱ्यांदा उघडी सापडली होती आणि या खेपेला आत ठेवलेला कॅमेरा गेला होता. नातीच्या बारशाचे फोटो होते त्यात. गाडी बंद करून रिमोट दाराजवळच्या खुंटीला अडकवायचा तो सोमा, आणि झोपायचा पोर्चलगतच्या खोलीत तोही सोमाच.

"देवराम," साहेबांनी सरळ विचारलं, "रिमोट आपोआप गाडी उघडू शकतो का? तू म्हणशील ते मी मानेन."

त्या घटकेला देवरामने रिमोटाचा विचार केलाच नाही, हे त्याने पुढे कितीदातरी स्वतःशी कबूल केलं. त्याच्या डोक्यात आलं ते एवढंच, की माणूस मी दिलाय. गाववाल्याची बाजू घेतली म्हणतील. उद्या या रोडवर माझ्या हातात किल्ली कोण देईल? आणि उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"आपोआप कसा उघडेल साहेब? बटणाला बोट लागतं."

सोमाने वर पाहिलं. "दादा, तू उघडून तरी बघ ना एकदा."

"उघडून काय बघायचं? दोन वेळा बघितलाय मी," देवराम म्हणाला. हे मात्र धडधडीत खोटं होतं.

साहेबांनी पोलिसांत दिलं नाही, आणि हा आपला मोठेपणा आहे असं त्यांना वाटलं. सोमा संध्याकाळी कपड्यांची पिशवी घेऊन इगतपुरीच्या बसमध्ये बसला. बातमी त्याच्याआधी गावात पोचली होती.

सप्टेंबरात साहेब पुन्हा रिमोट घेऊन आले. "अरे, सेल आठवडाभरसुद्धा टिकत नाही. बघून ठेव, मी बँकेतून येतो." गाडी त्यांनी समोरच किल्लीने बंद करून लावली. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून देवरामने एकदाच्या पायऱ्या धरल्या. सेल मेलेला. पत्ती ठीक. रबर उचललं आणि त्याचा हात थांबला. गाडी उघडायच्या बटणाखाली, तांब्याच्या दोन रेघांच्या मधोमध, लाल चिखल बसला होता. नखावर घेऊन त्याने वास घेतला. कुंकू. उन्हाळाभर वाळून बसलेलं आणि पावसाळी हवेने पुन्हा ओलावलेलं.

ओढेकरांच्या घरी किल्लीला कुंकू लावत नाहीत, सीटला डाग पडतात म्हणून. हे त्याला सोमानेच एकदा हसत सांगितलं होतं. हे कुंकू कुणाच्या ताटातलं, हे विचारायला कुठे जायची गरज नव्हती. मीटरच्या दोन सुया त्याने दोन रेघांना टेकवल्या आणि मीटर वाजला. म्हणजे बटण कुणी न दाबता दाबलेलंच होतं.

तरी, आपलं चुकत असेल या आशेने, त्याने रिमोटात नवा सेल घातला, रबर होतं तसं बसवलं, रिमोट टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मागे घेतले. रस्त्याकडेच्या गाडीचे दिवे दोनदा लुकलुकले आणि चारही दारांचे खटके वर आले. बटणाला बोट लागतं म्हणाला होता तो. बोट त्याचंच होतं.

साहेब बँकेतून येईपर्यंत त्याने स्पिरिटच्या कापसाने सगळं पुसून काढलं. "झालं साहेब. ओल होती आत."

"तुझ्या हातात जादू आहे बुवा," साहेब म्हणाले आणि गेले.

पहिला गुन्हा नकळत झाला, असं एक वेळ म्हणता आलं असतं. हा दुसरा त्याने शुद्धीत केला होता. लाल कापूस त्याच्या खिशात घरापर्यंत आला. जेवायला बसल्यावर त्याने तो ताटाशेजारी काढून ठेवला. शेवटी त्याने कमळाबाईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि त्याच्यापुढचं ताट उचललं.

"कुंकू मी कालवलं व्हतं," ती म्हणाली, "पर जीभ तुमची व्हती. जा, त्याला सांगून या."

रविवारी तो वाडीत गेला. सोमा बांधावरचं गवत कापत होता, त्याची बायको मैना भारे बांधत होती. देवराम उभ्या उभ्या सगळं बोलला. कुंकू, सेल, न बघता बघितला म्हणून सांगितलेला रिमोट. सोमाचा विळा थांबला नाही.

"गावातल्या जीपवाल्यानं बी यांला परत लावलं," मैना म्हणाली. "चावीचं काम तुला द्येत नाय म्हनला. लय चांगलं केलं तुमी."

"सोमा, तू तरी बोल काहीतरी. शिव्या दे," देवराम म्हणाला.

सोमाने गवताची मूठ खाली ठेवली. "मला सांगून काय व्हतंय? मी चोर नाय, ह्ये मला ठावंच व्हतं. ज्यांना ठावं नाय त्यांना सांग."

सोमवारी सकाळी देवराम ओढेकरांच्या बैठकीत उभा राहिला. साहेब आणि त्यांच्या पत्नी सरिताताई, दोघांसमोर त्याने तेच पुन्हा सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"पण कॅमेरा गेलाच ना रे. कुणीतरी नेलाच की."

"गाडी उघडी राहिली म्हणून रस्त्यावरच्या कुणीही नेला असेल साहेब. आणि ती उघडी राहिली माझ्यामुळे. तुम्ही चोर सोडून भलत्याला शिक्षा केलीत, ती माझ्या शब्दावर."

"बिचारा," सरिताताई म्हणाल्या. "पण तुम्ही इतकं मनाला लावून घेऊ नका हो."

"चूक माणसाकडूनच होते," साहेब म्हणाले. "आता नवीन ठेवलाय, त्याला कसा काढू? कधी तिकडे जाणं झालं तर भेटू सोमाला. बरं, आलाच आहेस तर दाराची बेल बघून जा. दोन दिवस वाजत नाही."

देवरामने बेल दुरुस्त करून दिली. रस्त्यावर आल्यावर त्याला स्वतःची किळस आली. माफी मिळाली होती, पण ती ज्याने द्यायची त्याच्याकडून नव्हे, आणि ज्याचं नाव बुडालं तो तर अजून बुडालेलाच होता.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला त्याने गिऱ्हाइकांचे रिमोट आधी डब्यात बंद केले आणि मगच ताटाला हात लावला. दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं द्यायला वाडी देवळापुढे जमली, तेव्हा देवराम कमळाबाईला घेऊन तिथे हजर होता. आपट्याची पानं अजून हातांतच होती. तो पायरीवर चढला आणि त्याने हात जोडले.

"समद्यांनी ऐका. सोमा चोर नाय. गाडी त्यानं उघडली नाय, कॅमेऱ्याला हात लावला नाय. रिमोट माझ्या हातानं बिघडला व्हता. मी तो उघडून बघितला नाय आन् सायबाला सांगितलं, बघितलाय. माझं दुकान वाचवाया मी याचं नाव घालवलं. कुनाला काय बोलायचं आसंल त्ये मला बोला."

कुणीतरी खाकरलं. मग जीपवाला म्हातारा भिका सोमाकडे वळून म्हणाला, "सकाळी ये रं. चावी घिऊन जा." मैनाने पदर तोंडाला लावला.

सोनं द्यायला सुरुवात झाली. सोमा एकेकाला पान देत, मोठ्यांच्या पाया पडत आणि बरोबरीच्यांना कवेत घेत पुढे सरकत होता. दर दसऱ्याला देवरामपाशी आला की तो वाकायचा, 'दादा, सोनं घे,' म्हणायचा आणि वर उठून गळामिठी मारायचा. देवराम पायरी उतरून खाली उभा राहिला, हात थोडेसे पुढे करून.

सोमा समोर आला. त्याने एक चांगलं, न दुमडलेलं पान निवडून देवरामच्या तळहातावर ठेवलं.

"घ्या शेठ," तो म्हणाला, "सोनं घ्या." आणि शेजारच्या माणसाला मिठी मारायला वळला.