दादांचा रोजचा बॅकअप

संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली आलं की दादा पेन ड्राइव्ह काढत. नुसता काढत नसत. आधी दोन्ही हात रुमालाला पुसले जात, मग शर्टाच्या आतल्या खिशातून चष्म्याची जुनी डबी बाहेर येई आणि डबीतून कापसात गुंडाळलेला पेन ड्राइव्ह. तो कॉम्प्युटरला लावताना दादा म्हणत, "आता कोणी बोलू नका." दुकानात बोलायला मावशींखेरीज कोणी नसे, आणि मावशींच्या तोंडात त्या वेळी खिळे असत.

मावशी बूट शिवत. ज्यांचे दोन पाय एकमेकांशी जुळत नाहीत अशांचे बूट. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच आत वळलेली, कुणाची बोटं अपघातात गेलेली. अशा माणसाला बाजारातला बूट म्हणजे शिक्षाच. म्हणून दूरदूरची माणसं या अरुंद दुकानात येत, स्टुलावर बसत, मोजे काढत आणि आधी ओशाळं हसत. मावशी पाय मांडीवर घेत नि म्हणत, "लाजताय काय? पाय आहे, चोरीचा माल नाही." सगळं गाव त्यांना मावशी म्हणे. एकटे दादाच बबे म्हणत, कारण ते थोरले भाऊ.

आता या कामात खरी मेख अशी, की माप घेऊन भागत नाही. पहिला जोड कुठेतरी टोचतोच. मग लाकडी साच्यावर टाचेकडे चामड्याचा एक पातळ तुकडा वाढवायचा, करंगळीपाशी एक कमी करायचा, बुटाच्या तळातही तेवढेच थर घालायचे, पुन्हा शिवायचं, पुन्हा चालून बघायचं. एकेका पायाला असं करत करत वर्ष जातं. साचे सगळ्यांना मिळून तेच, म्हणून काम झालं की तुकडे उपटून टाकायचे. कुठे किती जाडीचा तुकडा लावला याची नोंद तेवढी उरते. ती पूर्वी पुठ्ठ्याच्या कार्डांवर असे. दादा गोदामातल्या कारकुनीतून निवृत्त होऊन मदतीला आले आणि त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर ती कार्डं कॉम्प्युटरवर चढवली नि मूळ कार्डं रद्दीत दिली.

"अरे, ठेवायची होतीस एका कोपऱ्यात," मावशी म्हणाल्या होत्या.

"कोपऱ्यात झुरळं आहेत. आणि मी रोज बॅकअप घेणार आहे. बॅकअप म्हणजे काय, तुला माहीत आहे का?"

मावशींना माहीत नव्हतं. मग त्यांना ते ऐकावं लागलं. जेवताना ऐकावं लागलं, चामडं भिजत घालताना ऐकावं लागलं, गिऱ्हाइकांसमोर ऐकावं लागलं. दादांचं म्हणणं चुकीचं मुळीच नव्हतं: यंत्र आज आहे, उद्या नाही, नक्कल दुसऱ्या जागी हवी, ती रोज घ्यायला हवी, आळस नको. कोणी सुचवलं की हल्ली सगळं इंटरनेटवरच ठेवतात, तर दादा म्हणत, "आपली तिजोरी शेजाऱ्याच्या माळ्यावर कोण ठेवतं?" आणि खिसा थोपटत.

एकदाच मावशींना शंका आली होती. "ते आत नीट जातंय ना रे? उघडून दाखव."

दादांनी पेन ड्राइव्ह तिथल्या तिथे लावला, त्यावरच्या 'ग्राहक' नावाच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली आणि सगळी नावं भराभर पडद्यावर आली. "दिसलं? की भिंग आणू?" मावशी पुन्हा चामड्याकडे वळल्या. पुढे त्यांनी तो विषयच काढला नाही. काढला असता तर पुन्हा सगळं ऐकावं लागलं असतं.

मग एका बुधवारी सकाळी कॉम्प्युटर सुरू होईना. आतून दळण दळल्यासारखा आवाज आला, जळका वास आला आणि पडदा काळा झाला. मावशींच्या हातात तेव्हा नर्सबाईंच्या नव्या जोडाचं चामडं होतं. नर्सबाई म्हणजे मोठ्या दवाखान्यातल्या. डावा पाय लहानपणच्या दुखण्याने आखूड राहिलेला, घोटा आत झुकलेला. तरी बाई दिवसभर वॉर्डात उभ्या असत. पण जुन्या जोडाचे तळ झिजले, बाई लंगडायला लागल्या आणि वरिष्ठांच्या ते नजरेत आलं. सोमवारपासून नव्या पाळ्या लागणार होत्या. धड उभं राहता येत नसेल तर वॉर्ड सोडा आणि औषधांच्या खोलीत बसून मोजणी करा, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. "मावशी, मला गोळ्या मोजायला नाही हो जायचं," त्या म्हणाल्या होत्या. "माणसांत राहू द्या मला."

त्यामुळे पडदा काळा झाला तेव्हा मावशींनी हातातलं चामडं खाली ठेवलं. दादांच्या चेहऱ्यावर मात्र तेज आलं. वर्षानुवर्षं छत्री घेऊन हिंडणाऱ्याला एकदाचा पाऊस भेटावा तसं.

"घाबरू नकोस, बबे. आजच्याच दिवसासाठी केला होता अट्टाहास."

शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा कॉम्प्युटर मोकळा होता. दादांनी हात पुसले, डबी उघडली, पेन ड्राइव्ह लावला. 'ग्राहक' दिसलं. दोनदा टिचकी मारली. पडद्यावर एक पांढरी चौकट आली: ही वस्तू सापडत नाही.

"याचा कॉम्प्युटर जुनाट आहे," दादा म्हणाले.

"काका, मागच्या महिन्यात घेतलाय," झेरॉक्सवाला म्हणाला.

दादांनी पेन ड्राइव्ह काढून फुंकर मारली, पुन्हा लावला. पुन्हा चौकट. मग मावशी दुरुस्तीवाल्याला हाताला धरून घेऊन आल्या. त्याने पेन ड्राइव्ह बघितला, चित्राच्या कोपऱ्यातल्या इवल्याशा बाणावर बोट ठेवलं. वाईट बातमी देणाऱ्या डॉक्टरसारखा त्याने आधी घसा साफ केला.

"काका, तुम्ही रोज हेच चित्र उचलून यात टाकत होता?"

"रोज! तापात होतो तेव्हासुद्धा."

"हा शॉर्टकट आहे. म्हणजे नुसता पत्ता. खरं सामान तुमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरच्या पोटात होतं. तुम्ही घर हलवलंच नाही कधी. घराचा पत्ता तेवढा खिशात घेऊन फिरलात."

"पण मी उघडून दाखवलं होतं हिला!"

"त्याच कॉम्प्युटरवर ना? मग उघडणारच. घरात बसून घराचा पत्ता विचारला, तर सापडतोच."

"आणि त्या कॉम्प्युटरमधून काही निघेल का?" मावशींनी विचारलं.

त्याने तोही उघडून बघितला होता. आतली तबकडी ओरखडून गेली होती. "काही नाही," तो म्हणाला.

दोघं घरी आली. दार लागल्यावर मावशींनी वहाणा एवढ्या जोरात काढल्या की एक पलंगाखाली गेली.

"मी रोज न चुकता करत होतो," दादा म्हणाले.

"हो ना! रोज न चुकता चुकत होतास. एक दिवस तरी आळस करायचास. निदान म्हणता तरी आलं असतं की आळशीपणा नडला."

"मला काय स्वप्न पडलं होतं त्या बाणाचं?"

"कार्डं तरी ठेवायची होतीस! झुरळांनी किती खाल्ली असती? दोन? चार? तू सगळीच खाल्लीस."

दादांना ते लागलं. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "नर्सबाईंचं माझ्या लक्षात आहे. उजव्या टाचेला तीन तुकडे."

"डावा, दादा! डावा पाय आखूड आहे त्यांचा. उजव्याला तीन तुकडे लावले तर बाई भोवऱ्यासारख्या फिरतील."

मावशींनी कपाळाला हात लावला. खरं सांगायचं तर पाय डावा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण कुठे किती जाडी, हे त्यांनाही आठवत नव्हतं. माणसं त्यांना पाठ होती: नर्सबाई उतारावर तिरक्या चालतात, मुलाचं नाव काढलं की हसतात. आकड्यांचा मात्र पत्ता नव्हता. आकड्यांची काळजी दादांवर सोपवून त्या निर्धास्त झाल्या होत्या, आणि या गोष्टीचा त्यांना जास्त राग येत होता.

शनिवारी नर्सबाई जोड न्यायला आल्या. मावशी तोंड उघडणार एवढ्यात दादाच पुढे झाले. "बाई, तुमच्या पायाची नोंद गेली. यंत्र बिघडलं, पण दोष यंत्राचा नाही. नक्कल मी घेत होतो आणि ती मला घेता येत नव्हती."

नर्सबाई स्टुलावर बसल्या. "म्हणजे जोड नाही?"

"पहिल्यापासून करावा लागेल," मावशी म्हणाल्या. "मागच्या वेळी वर्ष गेलं होतं."

"मावशी, सोमवार परवा आहे!" बाईंचा आवाज चढला. "वॉर्डात एका रुग्णाच्या तापाची नोंद अशी हरवली असती, तर मला घरी बसवलं असतं. कसं म्हणू मी ठीक आहे म्हणून?"

"म्हणू नका," दादा हळूच म्हणाले.

बाईंनी रागाने पाय आपटला. जुन्या बुटाचा तळ फरशीवर फटकन वाजला आणि कडेला उसवला. मावशींची नजर त्या उसवलेल्या फटीवर गेली आणि तिथेच थांबली. आतून चामड्याच्या कडा दिसत होत्या, एकावर एक, थरांनी. साच्यावरचे तुकडे उपटून टाकले होते खरे, पण त्याच मापाचे थर असलेला बूट बाईंच्या पायातच होता.

"काढा तो," मावशी म्हणाल्या. "दोन्ही काढा. मी ते कापणार आहे."

"कापणार? हा एकच जोड आहे माझ्याकडे! मी घरी कशी जाऊ?"

"दादा रिक्षाने सोडेल. आणि कापून काही निघालं नाही, तर सोमवारी घालायला फाटकासुद्धा उरणार नाही, हेही सांगून ठेवते. विचार करा."

नर्सबाईंनी दाराकडे बघितलं, मावशींकडे बघितलं, दादांकडे मात्र बघितलं नाही. मग वाकून नाड्या सोडल्या.

मावशींनी डाव्या बुटाचा तळ सुरीने उलगडला. थर निघत गेले: टाचेखाली दोन जाड आणि एक पातळ, बाहेरच्या कडेला निमुळती पट्टी, अंगठ्यामागे खरवडून केलेला खळगा. झिजलेल्या थराची मूळ जाडी झीज न पोचलेल्या कडेवरून मोजली. अंगठ्याखालचा एक थर घामाने पार दबला होता, तिथे अंदाज करावा लागला. मावशी माप सांगत, दादा झेरॉक्सवाल्याकडून उचलून आणलेल्या कॉम्प्युटरवर लिहीत आणि प्रत्येक वेळी विचारत, "डावा ना?"

"डावा, रे बाबा, डावा! उजवा पाय देवाने सरळ दिलाय त्यांना."

स्टुलावरून हसू ऐकू आलं. बुधवारनंतरचं दुकानातलं पहिलं.

संध्याकाळी दादांनी पेन ड्राइव्ह लावला, तेव्हा मावशी सुरी घेऊन मागे उभ्या होत्या. "बाण आहे का बघ." दादांनी चष्मा पुसून बघितलं. नव्हता. तरी मावशींनी पेन ड्राइव्ह चौकातल्या औषधाच्या दुकानात नेऊन तिथे उघडायला लावला. दादांनी बाहेर उभं राहून अपमान गिळला. त्यानंतर ते घरी बसून मोबाइलमध्ये नंबर असलेल्या एकेका गिऱ्हाइकाला फोन करू लागले: "जुने बूट फेकले नाहीत ना? फेकू नका. हो, वास येत असला तरी." एकाने मागच्याच आठवड्यात फेकले होते. दादा बराच वेळ त्याची माफी मागत राहिले आणि तो विचारत राहिला, बूट मी फेकले, माफी तुम्ही का मागताय?

रविवारी दुपारी दादा नवा जोड नर्सबाईंच्या घरी पोचवून आले. मावशींनी डोळे लाल करून तो शिवला होता. चालून बघायला एक खोली आणि एक बोळ, एवढंच मिळालं.

सोमवारी पाळी संपायच्या वेळी फोन वाजला. दादांनी उचलला आणि थेट मावशींच्या कानाला लावला.

"मावशी, वॉर्डातच आहे मी. दिवसभर उभी होते, कोणी काही बोललं नाही." मागे कुणीतरी बाईंना हाक मारत होतं. "अंगठ्यापाशी जरा चावतोय, पण चालेल."

तो दबलेला थर. मावशींनी डोळे मिटून घेतले. "चालेल काय? मला नाही चालणार. उद्या जोड घेऊन या, एक थर काढते." फोन ठेवून त्या दादांवर ओरडल्या, "अंगठा, डावा, एक थर कमी. लिहून घे. आणि लिहिलंस की मला दाखव!"

"दाखवतो," दादा म्हणाले आणि हात पुसायला रुमाल शोधू लागले.